एकास बहात्तर

दिवसा मी नंदुरबारच्या मिरची बाजारात काट्यावर,
पोती तोलतो, शिंकतो, पावत्या फाडतो.
रात्री चिमट्याने उचलतो
तांदळाच्या कणीएवढी पायरी
आणि श्वास रोखून चिकटवतो हंटरच्या कुशीला.

प्रमाण एकास बहात्तर.
म्हणजे चौदा मीटरचं लढाऊ विमान
माझ्या वितीत मावतं.
म्हणजे आपल्या बाजारातली लांबडी मिरची
सात मीटरची,
आणि पंखावर बसलेला धुळीचा कण
कुणाला ठेच लागेल एवढा दगड.
मी तो रबरी पंपाने फुंकतो.
बायको विचारते,
झालं का विमानतळ झाडून?

कपाटात अकरा आहेत.
दोन शेपट्यांचं व्हॅम्पायर.
तुफानी, त्याच्या काचेवर आतून गोंदाची वाफ बसली
आणि वैमानिक कायमचा धुक्यात गेला.
कॅनबेरा, सारखं शेपटीवर बसतं.
क्विंटलात मी कधी चुकत नाही,
पण त्याच्या नाकात शिसं सहा ग्रॅम कमी पडलं.

हंटरला मात्र चार महिने दिले.
वरून करडा-हिरवा, पोट चंदेरी.
कोमट पाण्यातून सरकवलेली तिरंगी चक्रं
नखाएवढीही नाहीत.
डाव्या पंखाच्या टोकाला नळी,
नळीला तांबडं टोपडं,
टोपड्याला लोंबती फीत,
शिवणाच्या एकाच धाग्याची.
तिचा मला फार अभिमान.

जानेवारीत, ऊन तिरपं असताना,
गावाबाहेरच्या पथारीवर गेलो.
एकरभर मिरची वाळत पडलेली.
जेमाबाई वळवीने काठी धरली,
काठीला तंगूस, तंगुसाला हंटर.
मी पोटावर झोपून, नाकाला रुमाल बांधून,
लग्नवाल्या फोटोग्राफरकडून घेतलेला जुना कॅमेरा लावला.
मिरच्या धूसर झाल्या, त्यांची माती झाली,
कुठल्या तरी ग्रहाची लाल माती,
आणि तिच्यावरून विमान गेलं.
जेमाबाई म्हणाली, हात दुखला, याचं पेट्रोल कधी संपतं?

फोटो भटू आप्पा गिरासेंना नेऊन दाखवला.
आप्पा हवाई दलात रिगर होते.
पंधरा वर्षं विमानं पुसली, कसली, ढकलली,
एकदाही वर गेले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून
फोटो डोळ्यांपाशी नेला,
मला वाटलं, आता भरून येईल त्यांना.
म्हणाले,
"नळीनं टोपडं तसंच से, भो.
याले आते येग कसा समजी?"

बरोबर होतं.
टोपडं खाली काढायचं असतं.
काढणारा माणूस खालीच राहतो, फीत हातात घेऊन,
आणि माझ्या अकरा विमानांत
असा एकही माणूस नव्हता.

मग मी तो केला.
अडीच सेंटीमीटरचा, मेणाचा, टाचणीच्या कण्याचा,
खाकी चड्डी, उघडं डोकं.
फीत ब्लेडने कापून त्याच्या मुठीत दिली.
परत पथारी, परत जेमाबाई, परत रुमाल.
यावेळी विमान चौकटीत घेतलंच नाही.
नुसता तो, मान वर करून,
आणि त्याच्या पायाशी
पंखाची सावली, निसटत चाललेली.

फोटो निघाला. काठी उतरवली, कॅमेरा आवरला
आणि माणूस सापडेना.
दोघांनी गुडघ्यांवर शोधला.
डोळ्यांची आग झाली, बोटांची झाली.
लाल रानात खाकी माणूस, त्यात वितभर ढीग.
दुपारी बायका आल्या, मिरची भरली,
संध्याकाळी तीच पोती माझ्याच काट्यावर.
एकोणचाळीस किलो चारशे.
एकोणचाळीस किलो दोनशे.
प्रत्येक पोत्यापाशी थोडा जास्त थांबलो,
काटा काही बोलला नाही.
ट्रक रात्री इंदूरला गेला.

आप्पांना सांगितलं.
ते फोटो बघत होते, चष्मा कपाळावर.
बराच वेळ बघितला.
"बदली व्हयनी व्हई त्यानी," म्हणाले,
आणि फोटो परत दिला नाही.